चार गावांचे एक शहर : भोसरीतून दिसलेली पिंपरी-चिंचवड पालिकेची वाटचाल

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून पिंपरी-चिंचवड नवनगरपालिका स्थापन झाली. २०२० च्या मार्चमध्ये तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात करोनाची साथ शहरात शिरली. सुवर्णमहोत्सवाचा मांडव पडायच्या जागी विलगीकरण कक्ष उभे राहिले. तेव्हा राहून गेलेला लेखाजोखा या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

पालिकेचा इतिहास बहुधा रस्ते, पाणी आणि जकातीच्या आकड्यांतून सांगितला जातो. ते आकडे मोलाचे आहेतच. पण भोसरीत उभे राहून पाहिले, तर या संस्थेचे सर्वांत मोठे काम वेगळेच वाटते. जमीन देणारे गावकरी आणि पोटासाठी आलेले परगावचे, परप्रांतांतले लोक एकाच शहराचे नागरिक झाले. तसे होताना कोणालाही आपला देव, आपली बोली, आपला सण गावी ठेवून यावे लागले नाही. हे काम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवणे गरजेचे वाटते.

पालिकेआधी : गाव, माळ आणि पहिले कारखाने

भोसरीचे जुने नाव भोजापूर. परिसरातील प्राचीन शिळास्मारकांची नोंद ब्रिटिश काळातल्या पुणे जिल्हा गॅझेटियरात झालेली आहे, म्हणजे या माळावर माणसाची वस्ती फार जुनी. ग्रामदैवत भैरवनाथ. यात्रेला कुस्त्यांचा फड आणि बैलगाड्यांचा घाट ठरलेला. लांडगे, लांडे, गव्हाणे, फुगे या घराण्यांची भावकी, पावसावरची ज्वारी-बाजरी आणि आळंदीची वारी एवढ्यात गावाचे वर्ष पुरे होई.

बदलाची पहिली चाहूल शेजारी लागली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी पिंपरीत वसली. पुढे हाच पिंपरी कॅम्प या पट्ट्याची मोठी बाजारपेठ झाला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जवळच देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. एकाच वर्षातल्या या दोन घटना पुढच्या शहराची चुणूक दाखवतात : इथे यंत्र येणार होते, आणि यंत्रासोबत येणारा माणूस आपली श्रद्धाही घेऊन येणार होता.

मुंबईत कारखान्यांची दाटी झाली होती आणि उद्योग मुंबईबाहेर न्यावेत असे शासनाचे धोरण होते. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि महामार्ग शेजारून जात होते. कोयनेची वीज मिळू लागली होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या वसाहतीसाठी भोसरीसह आसपासच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. टेल्को पिंपरीत, बजाजचे कारखाने आकुर्डीत, सेंच्युरी एन्का भोसरीत उभी राहिली. १९६७ मध्ये केंद्रीय सडक परिवहन संस्था पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीत आली. वडिलोपार्जित रान गेलेल्या घरातला मुलगा त्याच रानावरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला, ही त्या पिढीची सर्वसाधारण कहाणी आहे. जमीन देणाऱ्यांचा त्याग या संस्थेच्या पायात आहे, हे प्रत्येक पिढीला सांगितले पाहिजे.

१९७० ते १९७९ : नवनगरपालिका

कारखाने चार गावांत आणि कारभार चार ग्रामपंचायतींकडे, अशी स्थिती फार काळ टिकणारी नव्हती. कामगारांच्या वस्त्यांना पाणी, गटारे, दिवाबत्ती देणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे होते. हडपसरचे नेते अण्णासाहेब मगर यांनी पुढाकार घेतला आणि चारही गावांतल्या जाणत्या मंडळींना एकत्र बसवले. ग्रामपंचायत सोडायची, घरपट्टी वाढणार, गावकीचे मानपान कसे राहणार, अशा शंका स्वाभाविक होत्या. मतभेद झाले, पण चर्चेतून मार्ग निघाला आणि नवनगरपालिका अस्तित्वात आली. नेहरूनगरच्या क्रीडांगणाला मगरांचे नाव आहे. त्यांच्याबरोबर गावोगावच्या बैठका भरवणारे पंच, सरपंच, तलाठी, मुकादम आणि पहिल्या तुकडीचे सफाई कामगार यांची नावे मात्र कुठल्याही फलकावर नाहीत. या लेखातून त्या सर्वांना एकत्रित वंदन.

पालिकेला बळ दिले जकातीने. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या मालावरची जकात एवढी भरभक्कम होती, की आशिया खंडातली सर्वांत श्रीमंत नगरपालिका असा तिचा लौकिक झाला. त्या पैशातून रस्ते झाले, शाळा झाल्या. याच दशकात पालिकेची स्वतःची परिवहन सेवाही सुरू झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आखीव पेठांची वसाहत आकाराला येऊ लागली. भोसरीचे इंद्रायणीनगर त्यातूनच वाढले.

माणसे मात्र आखणीची वाट पाहत नव्हती. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, नगर, सोलापूर भागांतली कुटुंबे गाव सोडून इकडे आली. सातारा-सांगलीकडचे कामगार आधीपासून होते. कोकणातले होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आणि इतर मोठ्या कारखान्यांत केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, बंगालमधले तंत्रज्ञ आणि लेखनिक होते. या सगळ्यांना राहायला जागा कोणी दिली? भोसरीत ती गावकऱ्यांनी दिली. शेत गेल्यावर उरलेल्या गावठाणाच्या जागेत त्यांनी खोल्यांच्या चाळी बांधल्या. एका रांगेत आठ-दहा खोल्या, समोर सामाईक नळ, टोकाला घरमालकाचे घर. जमिनीचा पैसा संपला तरी भाड्याने घर चालले.

या चाळींना आम्ही भोसरीच्या जडणघडणीत पहिले स्थान देतो. नळावर पाणी भरताना मालकीणबाईंना मल्याळी शेजारणीकडून ओणमची तारीख कळली आणि त्या शेजारणीच्या मुलांना भैरवनाथाच्या यात्रेचा दिवस पाठ झाला. पहिल्या पाळीचा कामगार आणि तिसऱ्या पाळीचा कामगार एकाच खोलीत आळीपाळीने झोपत. एक सोलापूरचा, एक बिदरचा. त्यांचा डबा घरमालकाच्या घरून जाई. बोली वेगळी, जात वेगळी, पण भाड्याची तारीख, पगाराची तारीख आणि भोंग्याची वेळ एक. एकोप्याचा पहिला धडा या शहराने तिथे गिरवला.

नेमक्या याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा देश याच प्रश्नावर निर्णय घेत होता. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी कॅनडाचे पंतप्रधान पिअर त्रुदो यांनी आपल्या संसदेत जाहीर केले, की देशाच्या अधिकृत भाषा दोन असतील, पण अधिकृत संस्कृती कोणतीही एक नसेल. स्थलांतरित समाजांना आपला वारसा जपण्यास शासन मदत करील. १९८८ मध्ये तिथे त्याचा कायदाही झाला. आमच्या नवनगरपालिकेपुढे असे धोरण कोणी ठेवले नव्हते. तिच्या ठरावांत नळजोडण्या आणि गटारे होती. तरीही चाळीत, कारखान्यात आणि पालिकेच्या शाळेत प्रत्यक्ष जे घडले, ते त्या धोरणाच्या फार जवळचे होते. कॅनडात ते वरून खाली आले, भोसरीत ते नळापासून वर गेले. आम्हाला दोन्ही वाटा आदरणीय वाटतात, पण आपली वाट आपण ओळखलेली नाही याची खंतही वाटते.

१९८० ते १९८९ : महानगरपालिका

११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. सांगवी, रहाटणी, थेरगाव, पिंपळे गुरव यांसारखी शेजारची गावे हद्दीत आली. पहिली काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता. १९८६ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि पहिले महापौर होण्याचा मान भोसरीचे ज्ञानेश्वर लांडगे यांना मिळाला. एका तपाहून थोड्याच अधिक वर्षांपूर्वी जे गाव ग्रामपंचायत सोडायला कचरत होते, त्या गावचा सुपुत्र महानगराच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीत बसला. भोसरीकरांनी तो दिवस यात्रेसारखा साजरा केला असेल यात नवल नाही.

संत तुकारामनगरात उभ्या राहिलेल्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाने कामगार कुटुंबांना मोठा आधार दिला. पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीत शुद्ध करायचे आणि टाक्यांतून शहरभर पोचवायचे, ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने वाढत गेली. रात्री-अपरात्री वाहिनी फुटली की चिखलात उतरणाऱ्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांचे नाव वृत्तपत्रात येत नाही; त्यांच्या कष्टावर शहराचा दिवस सुरू होतो.

शाळांबद्दल मात्र विस्ताराने सांगायला हवे. पालिकेने मराठीबरोबर उर्दू आणि हिंदी माध्यमाच्या शाळाही चालवल्या, पुढे इंग्रजी माध्यमाच्याही. ही साधी प्रशासकीय बाब नव्हती. मूल ज्या भाषेत घरी बोलते त्या भाषेत त्याला पहिली अक्षरे गिरवता यावीत, एवढी जाण त्या निर्णयामागे होती. त्याच मुलांनी गल्लीत खेळताना मराठी उचलली. भोसरीतल्या दुसऱ्या पिढीच्या कित्येक उत्तर भारतीय आणि दाक्षिणात्य दुकानदारांची मराठी आज इतकी अस्सल आहे, की नाव विचारेपर्यंत मूळ गाव कळत नाही. या यशाचे श्रेय पालिका शाळांतल्या शिक्षकांना आणि गल्लीतल्या सवंगड्यांना सारखेच आहे.

१९९० ते १९९९ : लघुउद्योग आणि नवी गावे

१९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख १७ हजार होती. त्याच वर्षी देशाचे आर्थिक धोरण बदलले. मोठ्या कारखान्यांनी सुटे भाग बाहेरून करून घेण्याचे प्रमाण वाढवले आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, मिलिंग, प्रेस, वेल्डिंग, पावडर कोटिंगच्या छोट्या शेडची गर्दी झाली. मोठ्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या अनेक कुशल कामगारांनी स्वतःचा एक लेथ टाकून जॉबवर्क सुरू केले आणि दहा वर्षांत दहा जणांना काम दिले.

या शेडसाठी माणसे दूरवरून आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची काही कुटुंबे इकडे सरकली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले तरुण आले. त्यांच्याबरोबर १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा वसाहतीत आली. त्याआधी इथला कामगार खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घालत असे. आता एकाच शेडमध्ये तोच लेथ सप्टेंबरात विश्वकर्म्याच्या नावाने पुजला जातो आणि नवरात्रात पुन्हा खंडेनवमीला. दोन्ही वेळा मालक आणि कामगार एकत्र बसून प्रसाद घेतात. यंत्राविषयीची कृतज्ञता दोन्ही परंपरांत सारखीच आहे, हे त्यांनी परस्परांना कृतीतून सांगितले.

सप्टेंबर १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, दिघी, बोपखेल, तळवडे अशी आणखी गावे महापालिकेत आली. भोसरी तोवर शहराच्या उत्तर कडेला होती, ती आता शहराच्या मधोमध आली. नव्या गावांना सुविधा पोचायला वेळ लागला आणि त्याबाबत काही काळ नाराजी होती. ती हळूहळू दूर होत गेली.

२००० ते २००९ : चाकणच्या दिशेने

या दशकात उद्योगाचे तोंड चाकणकडे वळले. २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबवले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर आले. भोसरीच्या शेड त्यांच्या पुरवठादार झाल्या आणि पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटेपासून कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागू लागली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या परिवहन सेवा २००७ मध्ये एकत्र झाल्या. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून रुंद रस्ते, पूल आणि घरकुले झाली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये भोसरी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला.

खानदेशातून आलेला समाज तोवर चांगला स्थिरावला होता. जळगाव-धुळ्याकडच्या या मंडळींनी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी होणारा कानबाईचा उत्सव इथेही सुरू ठेवला. घर रंगवायचे, रोटांसाठी भावकीतल्या माणसांच्या नावाने गहू मोजायचे, रात्रभर अहिराणी गाणी म्हणायची आणि सकाळी वाजतगाजत विसर्जन. या उत्सवाला भावकी लागते, आणि भावकी तर गावी. म्हणून इथे एकाच तालुक्यातल्या, एकाच गल्लीतल्या कुटुंबांनी मिळून भावकी उभी केली. शहराने माणसाला एकटे पाडले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी श्रावणात भोसरीत यावे.

२०१० ते २०१९ : महानगराचे रूप

२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर पोचली; वीस वर्षांत तिपटीहून अधिक. १ एप्रिल २०१३ पासून जकात बंद झाली. ज्या उत्पन्नावर संस्था उभी राहिली ते गेल्यानंतरही कारभार सुरळीत राहिला, याचे श्रेय लेखा आणि करसंकलन विभागांतल्या कर्मचाऱ्यांना द्यावे लागेल. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले.

जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरीत भरले. कामगारनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात पुस्तकांच्या दालनांपुढे लागलेल्या रांगा हे त्या संमेलनाचे खरे चित्र होते. महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त पालिका विचार प्रबोधन पर्व भरवते. तिथे शाहिरी जलसा, परिसंवाद आणि कविसंमेलन एकाच मांडवात होतात. भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. तिथे व्यावसायिक नाटकाबरोबर शाळांची स्नेहसंमेलने आणि विविध प्रांतीय मंडळांचे कार्यक्रम होत असतात.

२०१४ मध्ये न्यायालयाच्या बंदीमुळे बैलगाडा शर्यती थांबल्या. यात्रेचा घाट सुना राहिला आणि जुन्या घरांतल्या माणसांना ते फार लागले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. आता घाटावर गर्दी करणाऱ्यांत निम्मे चेहरे बाहेरून आलेल्या कुटुंबांतले असतात, आणि भोसरीचा गाडा असला की तेही गावकऱ्यांइतक्याच जोराने ओरडतात.

२०२० नंतर : साथ आणि सद्यःस्थिती

साथीच्या पहिल्या महिन्यांत वसाहत बंद पडली आणि हजारो परप्रांतीय कामगारांनी गावची वाट धरली. भाड्याच्या खोल्यांना कुलपे लागली. अनेक घरमालकांनी त्या महिन्यांचे भाडे सोडले, मंडळांनी शिधा वाटला, गुरुद्वारे, मशिदी, मंदिरे यांनी जेवण पुरवले. नेहरूनगरच्या मगर क्रीडांगणावर जम्बो रुग्णालय उभे राहिले. ज्यांनी शहर घडवले त्यांच्या नावाच्या मैदानावर शहराने आपली माणसे वाचवण्याची धडपड केली. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका, सफाई कामगार आणि स्मशानभूमीतले कर्मचारी यांचे ऋण या शहरावर कायमचे आहे. वर्षभरात बहुतेक कामगार परत आले. परत यावेसे वाटले, ही भोसरीला मिळालेली पावती आम्ही मानतो.

२०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले. मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली आणि नाशिक फाट्याच्या स्थानकामुळे भोसरीकरांना ती जवळ आली. आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून उचलून चिखलीत शुद्ध होऊ लागल्याने भोसरी, मोशी, चिखली पट्ट्याला दुसरा आधार मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली शंभरावे नाट्यसंमेलन या शहरात झाले. आज १८१ चौरस किलोमीटरच्या हद्दीत पालिका शाळा, रुग्णालये, उद्याने चालवते. आषाढीला दोन्ही पालख्यांचे स्वागत करते, गणेशविसर्जनाचे हौद बांधते आणि कार्तिकात छठपूजेसाठी नदीघाट स्वच्छ करून देते. इंद्रायणी आणि पवना या दोन नद्या मात्र अजून स्वच्छ नाहीत. आळंदीच्या वाटेवरच्या या शहराने ते काम आता सर्वांत वर घ्यायला हवे.

आणखी एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या भोसरीत माणसे येत होती, तिथून आता मुले परदेशी जातात. ज्या बापाने लेथवर उभे राहून मुलाला शिकवले, त्याचा मुलगा टोरांटो किंवा ब्रॅम्प्टनमध्ये नोकरी करतो. तिथे मराठी भाषिक मंडळाच्या गणेशोत्सवाला जातो, मुलांना मराठी शाळेत घालतो, टोरांटोतून निघणाऱ्या ‘एकता’ त्रैमासिकाचे नाव त्याच्या कानावर पडते. परक्या देशात आपला गणपती बसवायला सभागृह मिळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. मोशीच्या घाटावर सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बिहारी कुटुंबाची अपेक्षाही तेवढीच आहे. आपल्या मुलाला तिथे जे मिळावे असे वाटते, ते इथे आलेल्याला देण्याची रीत भोसरीने पन्नास वर्षांपूर्वी घालून दिली. ती पुढे चालवणे ही पालिकेइतकीच प्रत्येक गल्लीची जबाबदारी आहे.

हा इतिहास अपुरा आहे. चाळींची भाडेपावती-पुस्तके, ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्ते, कारखान्यांची नेमणूकपत्रे, यात्रेचे आणि ओणम-कानबाई-विश्वकर्मा उत्सवांचे पहिल्या वर्षांतले फोटो अजून घरोघरी ट्रंकांत पडून आहेत. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते स्मरणिकेच्या संपादक मंडळाला पाहायला द्यावे. प्रत काढून मूळ कागद परत केला जाईल. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून पाठवल्या, मग ती अहिराणी असो, मल्याळम असो वा भोजपुरी, तरी त्यांचे स्वागत आहे.